तुरटीचं पाणी

माझी सगळी नोकरी पाणी स्वच्छ करण्यात गेली. आधी कागदाच्या कारखान्यात बॉयलरसाठी, मग माणसांच्या रक्तासाठी. कोणी विचारलं, "हॉस्पिटलात तुम्ही काय होतात?" तर मी सांगतो, "पाणक्या." लोक हसतात. पण डायलिसिसचं मशीन चालवणारा माणूस आधी पाणक्याच असतो, बाकीचं सगळं नंतर.

आमचं हॉस्पिटल लहान होतं. खालापूरच्या अलीकडे, कुंभिवलीजवळ, हायवेला लागून वीस खाटा. एका कारखानदाराने आपल्या आईसाठी परदेशातून मशीन मागवलं होतं. ते बंदरातून सुटेपर्यंत म्हातारी गेली. मग त्याने ते खोक्यासकट आमच्या ट्रस्टला देऊन टाकलं. डॉक्टरबाई होत्या, मशीन होतं, चालवणारा माणूस नव्हता. मला पंप, व्हॉल्व्ह, गाळण्या ओळखीच्या होत्या आणि मी कर्जतचाच, म्हणजे पळून जाणार नाही असा. मला सहा महिने मुंबईला शिकायला धाडलं. परत आलो तेव्हा अंगावर पांढरा कोट होता. आईने कोटासकट माझी दृष्ट काढली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. किडनी म्हणजे शरीराची गाळणी. ती बंद पडली की रोजची घाण रक्तातच साठत राहते. मग रक्त नळीने बाहेर काढायचं आणि एका पातळ पडद्याच्या एका अंगाने फिरवायचं. पडद्याच्या दुसऱ्या अंगाने क्षार मिसळलेलं पाणी वाहतं ठेवायचं. घाण पडद्यातून पाण्यात उतरते, रक्त पुन्हा माणसाच्या अंगात जातं. सहा तास, आठवड्यातून दोनदा, जन्मभर. एका बैठकीला पावणेदोनशे लिटर पाणी रक्ताला चाटून जातं. आपण दोन-तीन महिन्यांत पितो तेवढं.

हे पाणी आम्हाला पाताळगंगा नदीचं यायचं. हिवाळ्यात, उन्हाळ्यात ते तसं निवळ असे. वाळूची गाळणी आणि पाण्याचा जडपणा काढणारी टाकी एवढ्यावर भागे. पावसाळा लागला की मात्र नळाला चहा यायचा. त्यावर मी कारखान्यातला उपाय केला. मोठ्या टाकीत तुरटी घालून पाणी रात्रभर स्थिर ठेवायचं. सकाळी गाळ खाली आणि वर आरशासारखं पाणी. पाहुणे आले की डॉक्टरबाई त्यांना टाकी दाखवायच्या. मी झाकण उघडायचो. तळाचा स्क्रूदेखील दिसायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

वनिता आली ती एका दिवाळीनंतर. एकवीस वर्षांची होती. उल्हास नदीच्या काठचं, कर्जतच्या खालच्या अंगाचं गाव, घरची भातशेती. दहावी होऊन ती गावच्या बालवाडीत शिकवायची. लहानपणी कधीतरी किडन्यांना इजा झाली होती, ती लक्षात येईपर्यंत दोन्ही सुकून गेल्या होत्या. मुंबईत तिच्या डाव्या मनगटाजवळ रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून दिल्या होत्या, म्हणजे तिथे जाड सुई टोचता येते. त्या जागेवर बोट ठेवलं की झोपलेल्या मांजरासारखं घुरघुरायचं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मशीनसाठी रांग लांबलचक. त्यांनी तिला आमच्याकडे पाठवलं.

मंगळवारी आणि शनिवारी सकाळच्या एस.टी.ने ती आणि तिची आई उतरायच्या. आईला मी मावशी म्हणायचो, त्या मला भाऊ म्हणायच्या. मावशी खोलीच्या दाराशी जमिनीवर बसायच्या आणि सहा तास मुलीकडे बघत राहायच्या. मी खुर्ची दिली तर म्हणायच्या, "नको भाऊ. खाली बसलं की बरं. वरून खाली काय पडतंय ते दिसतं."

इतर पेशंट यायचे, जायचे. कोणी दोन महिने, कोणी सहा, एखादाच वर्षाच्या वर. त्या काळात या आजाराची माणसं फार टिकत नसत. वनिता टिकली. म्हणून आम्हाला एकमेकांची सवय झाली.

मशीनचा पंप एका लयीत फिरतो. पाणी वाहतं. माणसाला गुंगी येते. वनिता दुसऱ्या तासाला झोपायची आणि चौथ्या तासाला उठून मला स्वप्न सांगायची. खोलीच्या खिडकीतून माथेरानचा डोंगर लांब, आडवा पडलेला दिसायचा; दुपारी धुकं आलं की त्याचा माथा तेवढा वर तरंगत राही. तो तिच्या स्वप्नांत नेहमी असायचा. एकदा म्हणाली, "दादा, माथेरान आमच्या बांधावर येऊन बसलं होतं. आईला म्हणालं, जरा सरक गं, पाय दुखले." एकदा भाताची रोपं आपणहून उठून एका खाचरातून दुसऱ्यात चालत गेली होती आणि मागे राहिलेलं एक रोप रडत होतं, त्याला तिने बालवाडीत नेऊन बसवलं. एकदा आईच्या डोक्यावरच्या हंड्यात नदी होती आणि नदीत होडी होती.

मी ऐकत राहायचो. रक्तदाब लिहायचो, नळी तपासायचो आणि ऐकायचो. संसारी माणूस मी, मला स्वतःला स्वप्नं पडत नसत. घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज वनिताने काय पाहिलं. ती म्हणायची, "पोरगी मोठी गुणाची दिसते."

पहिला पावसाळा संपताना वनिता एकदा म्हणाली, "दादा, मशीनवरून उठलं की जीभ जड होते. हजेरी घेताना नावं अडकतात." मी म्हटलं, अशक्तपणा असेल. डॉक्टरबाईंनी गोळी बदलली. हिवाळ्यात ते आपोआप गेलं आणि आम्ही विसरलो.

दुसऱ्या पावसाळ्यात, आषाढाच्या सुरुवातीला, ते परत आलं आणि या वेळी थांबलं नाही. मशीन सुटलं की वनिता बोलू लागायची आणि शब्दाच्या दारातच अडायची. "पा... पा... पानी." ओठ हलायचे, आवाज मागे राहायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुधारायचं. पुढच्या बैठकीनंतर पुन्हा. तिच्या बालवाडीत बावीस मुलं होती. त्यांची हजेरी ती मशीनवर पडल्यापडल्या म्हणून बघायची. एकनाथपाशी अडली की पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी डोळ्यांतून पाणी यायचं, पण ती म्हणत राहायची.

मग हाताला झटके येऊ लागले. पेला हातातून उडून पडायचा. बरगडी दुखते म्हणाली. फोटो काढला तर दोन जागी तडा. पडली नव्हती, मार लागला नव्हता. नुसती शिंकली होती.

आणि स्वप्नं उघड्या डोळ्यांनी दिसायला लागली. एका शनिवारी ती खिडकीकडे बघून म्हणाली, "दादा, घो... घोडा उभा हाय. माथेरानचा. त्याला पानी द्या." बाहेर नुसती कुंपणाची भिंत होती. मी हसून म्हटलं, "देतो हां." मला वाटलं, अर्धवट झोपेत आहे. खरं सांगायचं तर मला तो घोडा आवडला होता. ते दुखणं होतं आणि मी त्याच्या गोष्टी घरी सांगत होतो.

गावात बोलणं सुरू झालं. कोणी म्हणालं बाहेरचं लागलं. भगताकडे नेलं, लिंबू उतरवलं. बालवाडी दुसऱ्या मुलीला दिली. डॉक्टरबाईंनी हट्ट करून वनिताला तपासणीसाठी मुंबईला पाठवलं. तिथे मेंदूचे डॉक्टर झाले, हाडांचे झाले. नक्की काय ते कळेना. कोणी म्हणालं मनाचा आजार असावा. तीन आठवडे ती तिथेच, तिथल्या मशीनवर होती.

श्रावण संपता संपता ती परत आली ती चालत आणि बोलत. माझ्यासमोर उभी राहून बावीसच्या बावीस नावं म्हणाली, दोनच ठिकाणी अडखळली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला मशीनला जोडलं. चौथ्या बैठकीनंतर ती उठली आणि आईला हाक मारायला तोंड उघडलं. "आ... आ..." एवढंच आलं.

मावशी जमिनीवरून उठल्या. मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, हितंच जाते तिची वाचा. तुमच्याच मशीनवर. ममईला नाय गेली."

मला राग आला. पांढऱ्या कोटाचा राग होता तो. म्हणालो, "मावशी, मशीन दोन्हीकडे सारखंच असतं. तुम्हाला यातलं कळत नाही."

"मला नाय कळत," त्या म्हणाल्या, "पन दिसतं."

दोघी एस.टी.ला गेल्या. मी मशीन धूत बसलो, आणि धुता धुता ते वाक्य मला लागत गेलं. मशीन सारखं होतं. पडदा त्याच कंपनीचा. क्षारांचे कॅन मुंबईहूनच यायचे. गोळ्या त्याच. वेगळं काय होतं? मी एकेक गोष्ट हातात घेऊन बाजूला ठेवत होतो. शेवटी हातात पाणी राहिलं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते फर्नांडिस मुंबईला होते. वयाने मोठे, मशीनवर ज्यांचे केस पिकले असे. मी त्यांना ट्रंककॉल लावला. लागायला तीन तास गेले. मी सगळं सांगितलं: जीभ, झटके, बरगडी, घोडा.

ते म्हणाले, "वसंत, पानी में क्या डालता है तू?"

"कुछ नहीं साहेब. बारिश में थोडी फिटकरी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कितने दिन से?"

"चौथा पावसाळा. तिचा दुसरा."

"बंद कर," ते म्हणाले. "आजच्या आज बंद कर. डॉक्टरला फोन दे."

त्यांनी डॉक्टरबाईंना जे सांगितलं, ते बाईंनी मला खुर्चीत बसवून सांगितलं. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. पाणी पिऊन पोटात गेलं तर त्यातलं बहुतेक बाहेर पडतं. उरलंसुरलं किडनी काढून टाकते. पण इथे पाणी पोटात जात नाही, पडद्यापलीकडून थेट रक्ताला भेटतं. आणि बाहेर टाकायला किडनीच नाही. मग ते हाडांत बसतं, मेंदूत बसतं. आमची टाकी जडपणा काढायची, हे काढत नव्हती. परदेशात अशी माणसं दगावली होती. आमच्यापर्यंत ती खबर आली नव्हती. बाई म्हणाल्या, "मी तिला जेवणाबरोबर फॉस्फरस अडवायच्या पांढऱ्या गोळ्या देत होते ना, त्यांतही तेच आहे. मीही घातलंय. त्याही आजपासून बंद." आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ट्रस्टचे व्यवस्थापक म्हणाले, पाणी बदला, पण बाहेर काही बोलायचं नाही, हॉस्पिटलचं नाव जाईल. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरच्यांना मी सांगणार." मी म्हटलं, "तुरटी मी घातली. मी जातो."

भात पोटरीला आलं होतं, लोंबी अजून पानांच्या आत होती. बांधावरून जाताना दोन्ही बाजूंनी ओली पानं पायांना लागत होती. ऊन पडलं होतं आणि धुकंही होतं. डोंगर असा दिसत होता की फुंकर मारली तर विरून जाईल. मी वाक्यं जुळवत होतो. एकही टिकत नव्हतं. तसाच त्यांच्या ओटीपर्यंत पोचलो.

वनिता भिंतीला टेकून बसली होती. मावशी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पाणी, तुरटी, रक्त, मेंदू. कोट घातला नव्हता. शेवटी म्हणालो, "माझ्या हातून झालं. मला ठाऊक नव्हतं, पण माझ्याच हातून झालं."

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. वनिता माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ बराच वेळ हलले.

"म्हंजे... दादा... मी ये... येडी नाय?"

"नाही गं."

"तो घो... घोडा... पान्यानं?"

"पाण्यानेच. तुझं डोकं चांगलं आहे."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं ती माझ्यावर चिडली. ती रडत होती आणि रडता रडता आईला ढकलत होती. "आई... ऐ... ऐकलंस गं? मी येडी नाय. मी येडी नाय." दोन महिने ती पोर हे मनात धरून होती. आपण वेडी होत चाललो, एक दिवस घरचे आपल्याला खांबाला बांधतील असं तिला वाटत होतं, आणि ते सांगायला जीभ वळत नव्हती. मी जे ओझं घेऊन गेलो होतो, त्याने तिचं ओझं उतरलं. माझं तिथेच राहिलं, पण ते बरोबरच होतं.

मावशी मात्र हसल्या नाहीत, रडल्या नाहीत.

"मी तवाच बोलले व्हते," त्या म्हणाल्या. "तुमी ऐकलं नाय."

"नाही ऐकलं."

"आता ऐका. परवाच्याला मशीनला जे पानी घालाल ते आधी मला दावायचं."

पाणी मिळालं ते माझ्या जुन्या कारखान्यात. बॉयलरच्या नळ्यांना आतून पांढरा थर धरू नये म्हणून तिथे पाण्यातला क्षार न् क्षार काढून टाकत. ते यंत्र मी स्वतः कित्येक वर्षं चालवलं होतं. लोखंडाची एवढी काळजी घेणारा मी, हॉस्पिटलात आल्यावर तुरटीवर भागवलं, कारण कोणी विचारलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी ते पाणी मुंबईला तपासून घेतलं. मग दर सोमवारी आणि शुक्रवारी धुतलेले ड्रम टेंपोत घालून मी कारखान्यात जायचो. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी मावशी यायच्या, पदर खोचायच्या आणि ड्रममध्ये वाकून बघायच्या. वास घ्यायच्या. कधी बोट बुडवून जिभेला लावायच्या. मग म्हणायच्या, "लावा." त्यांनी म्हटल्याशिवाय मी कधी सुई उचलली नाही.

सुधारणा फार सावकाश झाली. दसऱ्याला झटके कमी झाले. घोडा एकदा मार्गशीर्षात येऊन गेला, मग आला नाही. जीभ अशी सुटत गेली की आज कालच्यापेक्षा बरी आहे असं कधीच वाटलं नाही. महिन्यापूर्वीचं आठवलं तर वाटायचं. होळीच्या आधी एका मंगळवारी मशीन सुटल्यावर तिने हजेरी घेतली. एकनाथ न अडता म्हणून झाला, प्रल्हाद झाला, बावीस नावं झाली. खोलीत मी, डॉक्टरबाई आणि मावशी. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्हाला भीती वाटत होती.

हाडं पुरती भरली नाहीत. कमरेत दुखणं राहिलं, हातात काठी आली. पुढे मावशींचीच किडनी तिला जुळली आणि मुंबईला बसवली. बालवाडी तिला परत मिळाली. काठी टेकत जायची आणि मुलं ती काठी पळवायची. ती किडनी बारा वर्षं चालली. नंतर वनिता गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. बारा वर्षं ती बोलत होती, एवढं मी स्वतःला सांगतो.

इथे थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण एक राहिलं आहे.

वनिताच्या आधी आमच्याकडे शंकरराव म्हणून एक गृहस्थ मशीनवर होते. नेरळकडचे, रेल्वेच्या फाटकावर नोकरी केलेले, साठी ओलांडलेले. त्यांनी दोन पावसाळे काढले. दुसऱ्या पावसाळ्यात ते अडखळत बोलू लागले आणि त्यांना खोलीत पाणी भरलेलं दिसू लागलं. पलंगावर बसून पाय वर उचलून घ्यायचे आणि मला म्हणायचे, "अरे, चप्पल वाहून जाईल, उचल." सगळे म्हणाले, म्हातारा भ्रमला. मीही म्हणालो. कधी कधी मी खरोखर वाकून त्यांची चप्पल उचलायचो आणि नर्सकडे बघून हसायचो. आश्विनात ते गेले.

वनिताची जीभ सुटल्यावर मी नेरळला गेलो. त्यांच्या बायकोने ओळखलं, चहा केला. मी सांगायला तोंड उघडणार तोच त्याच बोलू लागल्या. "शेवटच्या दिवसांत अगदी लहान मुलागत झाले होते हो. पाणी पाणी करायचे. मला म्हणायचे, तू घाबरू नको, मी तुला उचलून पलीकडे नेतो. चाळीस वर्षांत कधी असं बोलले नव्हते." आणि पदराने डोळे पुसून त्या हसल्या.

वनिताला सांगून तिचं भय गेलं होतं. इथे सांगून काय जाणार होतं, ते मला समोर दिसत होतं. निघताना त्यांनी एका पिशवीत घरचे पोहे बांधून दिले. "तुम्ही फार केलंत त्यांचं," म्हणाल्या. मी पिशवी घेतली, वाकून नमस्कार केला आणि काही न बोलता पायऱ्या उतरलो.